छोटूचं डोकं कुठं ठेवायचं

२८ मे. सकाळपासून बाजांची नवार बदलायला घेतली आहे. ट्रकवाले वर्षभर लोळतात, पट्ट्या मध्यभागी झोळीसारख्या होतात. त्या उसवायच्या, धुवायच्या, फाटक्या टाकायच्या आणि बाकीच्या ताणून पुन्हा विणायच्या. हे काम मी दर उन्हाळ्यात करते आणि दर उन्हाळ्यात मला त्याचा कंटाळा येतो. आज एक बाज उलटी केली तर पायावर निळ्या ऑइलपेंटचा ७ दिसला. वाकडा, पोट सुटलेला. असा सात केशरबाईशिवाय कुणी काढत नाही.

बाज तिचीच. ढाबा बंद केला तेव्हा तिने सगळ्या बाजा मला देऊन टाकल्या. मी नको म्हटलं नाही. लाकूड चांगलं होतं.

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमचे दोन ढाबे शेजारी शेजारी होते. मध्ये एक कडुनिंब, कुंपण नाही. माझा ढाबा आधीचा. केशरबाई राठोड नंतर आली. कळमनुरीकडच्या तांड्यावरची बाई, नवरा वारलेला, मुलगी सिद्धेश्वर धरणाकाठी दिलेली. हिंगोलीच्या आयटीआयमधून तिने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि ही गोष्ट ती ओळख झाल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायची. "मी आयटीआय केल्याली बाई हाय, वैनी. भाकर नंतर शिकले."

अंबाड्यात ती टेस्टर खोचायची. बायका गजरा माळतात तसा. बॅटरीत जीव आहे का हे जिभेने चाखून बघायची आणि त्याच जिभेने लगेच डाळीचं मीठ बघायची. स्क्रू लोणच्याच्या बरणीत ठेवायची, एकदा त्या बरणीतून ट्रकवाल्याच्या ताटात वॉशर गेला तेव्हा तो काढून पुसत म्हणाली, "बरं झालं सापडला, सकाळपासून शोधून राहिले." चहा अर्धा प्यायची आणि अर्धा कुठेतरी ठेवून विसरायची. विनोद सांगायला लागली की संपायच्या आधी स्वतःच हसायची, आणि लोक विनोद न कळताच हसायचे.

मला तिचा मत्सर वाटायचा. नाक्यावर सगळ्यांना ते ठाऊक होतं. राग असता तर सोपं झालं असतं. भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण भांडायला ती जागाच ठेवायची नाही. माझी डाळ तिच्यापेक्षा चांगली होती आणि हे तीच गिऱ्हाइकांना सांगायची. "डाळ खायची तर वैनीकडची खा." मग गिऱ्हाईक तिच्या बाजेवर बसून माझी डाळ मागवायचं. डाळ माझी, बाज तिची, गप्पा तिच्या. माझ्या बाजांची नवार तेव्हा इतकी झिजत नव्हती.

तिच्या छोटूची सुरुवात एका भंगारातल्या ट्रकच्या वायपर मोटारींपासून झाली. काच पुसणाऱ्या त्या दोन मोटारी ती घेऊन आली आणि आमच्या ह्यांच्यासमोर ठेवल्या. आमचे हे पूर्वी हिंगोलीत ट्रॅक्टरचं गॅरेज चालवत. पाठ गेली तेव्हा गॅरेज बंद केलं, अवजारं पेटीत घातली आणि पेटीवर उशी ठेवून तिचा लोड केला. माझ्या मिक्सरचं झाकण तीन उन्हाळे दोऱ्याने बांधलेलं होतं. त्या पेटीला हात लावा म्हणून मी सांगून थकले होते.

"प्रल्हादभाऊ, ह्यायला चाकं बसतील का?" तिने विचारलं.

"काय करायचंय?"

"पोरगं करायचंय. चहा नेनारं. सगळ्या ढाब्यावर छोटू असतो, माह्याकडं न्हाई. खरं लेकरू कामाला ठिवनार न्हाई मी. हे असंल तर याला कुनी शिवी देनार न्हाई आन् याची शाळाबी बुडनार न्हाई."

ह्यांनी उशी बाजूला केली आणि पेटी उघडली. मी तिथेच कांदा चिरत होते. त्या दिवशी कांद्याचा दोष नव्हता.

तर असा तो छोटू. पत्र्याचा चौकोनी डबा, खाली मोटारसायकलची बॅटरी, मागे दोन चाकं, पुढे ऑफिसच्या खुर्चीचं एक गरगरणारं चाक, वर माझं स्टीलचं ताट. ताट तिने न विचारता नेलं होतं आणि वाकलेली कड सरळ ठोकून परत दाखवायला आणलं होतं. सांगा, कशी भांडणार.

अंग चार दिवसांत झालं. डोक्याला वर्ष गेलं.

"डोकं कुटं ठिवायचं ते आदी ठरवा," असं ती रोज म्हणायची. छोटूला कधी पुढे जायचं, कधी वळायचं हे सांगणारा कॉम्प्युटर त्याच्या अंगावर बसवायचा, की गल्ल्यावर ठेवून लांबून हुकूम द्यायचे? आमचे हे म्हणायचे गल्ल्यावर. धूळ नाही, ऊन नाही, लाइटीची वायर लावलेली, पंखा चालू. तिच्या भाच्याचा जुना लॅपटॉप होताच. ती म्हणायची अंगावर. "आमच्या जुन्या लोकाचे तांडे माल घिऊन चालायचे. पुढच्या बैलाला रस्ता ठाव असायचा. घरी बसून कुनी बैलाला हाका मारत न्हवतं." पण लॅपटॉप फुकट मिळत होता, म्हणून पहिल्यांदा डोकं गल्ल्यावर राहिलं.

गल्ल्यावर बसून ती बाणाची बटणं दाबायची आणि वायफायवरून हुकूम जायचा. छोटू अंगणातून हलत डुलत बाजेपर्यंत चहा न्यायचा. ट्रकवाले व्हिडिओ काढायचे, ते व्हिडिओ पुढच्या ट्रकवाल्यांना जायचे, आणि ते मुद्दाम गाडी थांबवायचे. तिच्या अंगणात गाड्या मावेनात तेव्हा त्या माझ्या अंगणात उभ्या राहायच्या. माणसं उतरून तिच्याकडे जायची.

मग एक दिवस भर दुपारी एक लांबलचक कंटेनर आला आणि गल्ला आणि छोटू यांच्या बरोबर मधे उभा राहिला. लोखंडाची भिंतच. केशरबाईने ‘सरळ’ दाबलं होतं, ते छोटूला पोचलं होतं. त्यानंतरचं ‘थांब’ पोचलं नाही. शेवटचं ऐकलेलं तो पाळत राहिला. बाजा ओलांडल्या, कडुनिंब ओलांडला, डोक्यावर डाळीची वाटी घेऊन सडकेकडे निघाला. मागे दोन सरदारजी ड्रायव्हर, त्यांच्यामागे आमचे हे, पाठ विसरून. सडकेच्या कडेला नालीत छोटू उलटा पडला तरी चाकं फिरतच होती.

डाळ माझी होती. मी म्हटलं, "केशरबाई, डाळीची वाटी कुणाच्या नावावर लिहू?"

"नालीच्या लिवा," ती म्हणाली, आणि हसत नालीच्या काठावरच बसली. "व्हय प्रल्हादभाऊ, आता पटलं? डोकं घरी ठिवून बाजाराला गेलं की असं व्हतं."

आमचे हेही हसले. लग्नात हसले होते तसे. माझ्याकडे वाटी विसळायचं काम होतं.

दुसरं डोकं म्हणजे तिचा मोबाइल. तो छोटूच्या छातीवर रबराने बांधला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसावेत म्हणून बाजांच्या पायांवर निळे आकडे रंगवले, तेच हे आकडे. सात नंबरचा चहा म्हटलं की छोटू सात शोधत जायचा. मला हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण ते चांगलं चाललं होतं.

पण मोबाइल तिचा रोजचाच होता. त्याच्यावर फोन आला की कॅमेरा बंद पडायचा आणि छोटू जागीच थांबून वाजत राहायचा. पहिल्या दिवशी भाजीवाल्याने फोन केला, दुसऱ्या दिवशी मुलीने. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरांच्या लक्षात आलं. ढाब्याच्या पाटीवर नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला. ज्याला चहाची घाई, तो बाजेवर पडल्या पडल्या नंबर लावायचा. छोटू समोरून जाताना बरोबर थांबायचा. हा दुसऱ्याचा चहा उचलायचा आणि फोन कट करायचा. छोटू रिकामं ताट घेऊन सात नंबरकडे निघून जायचा.

"अरे, मेरी चाय कौन पी गया?"

"नेटवर्क पी गया, उस्ताद."

एकदा तर तिघांनी एकाच वेळी नंबर लावले आणि छोटू अंगणाच्या मधोमध पावली खेळल्यासारखा मागे-पुढे करत राहिला. अख्खा ढाबा हसून लोटपोट. कुणी रागावलं नाही, कुणी उठून गेलं नाही. माझ्याकडे चपाती जराशी करपली तरी लोक तोंड वाकडं करतात. तिच्याकडे चहा चोरीला गेला तरी मजा. मी रात्रंदिवस धुऊन-पुसून ठेवलेल्या ढाब्यात बसून ती मजा ऐकायची.

मे महिन्याच्या उन्हात तो मोबाइल तापून बंद पडायला लागला, तेव्हा आमच्या ह्यांनी नवीन हट्ट धरला. पत्त्याच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर मिळतो, तो आणू. आणला. पूर्ण कॉम्प्युटरच तो, आणि त्याचे नखरेही पूर्ण. मोटारींनी जोर लावला की बॅटरीचं व्होल्टेज पडायचं आणि हा मधेच झोपून पहिल्यापासून जागा व्हायचा. त्याला वेगळी बॅटरी दिली. मग वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून मोटारी तापायला लागल्या. दोघं माझ्या कडुनिंबाखाली बसून आता आणखी मोठी बॅटरी लावायची की आणखी मोठा कॉम्प्युटर आणायचा यावर वाद घालत होती. माझ्या चुलीवर दूध होतं आणि ह्यांना ते बघायला सांगितलं होतं. दूध उतू गेलं.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "तुमच्या छोटूला मुंबईला जायचंय का? गल्ल्यापासून बाजेपर्यंत जायचं आन् परत यायचं. माह्या सासूची म्हैस डोळे मिटून जाते एवढं. त्याला एवढं डोकं काहून पाहिजे? जमिनीवर रेघ मारा आन् रेघेवरून चालवा."

मी टोमणा मारला होता. केशरबाईने वळून माझ्याकडे बघितलं. अंबाड्यातला टेस्टर काढला, जमिनीवर एक रेघ ओढली आणि म्हणाली, "भाऊ, काढा तो कॉम्प्युटर."

आठवड्यात अंगठ्याएवढी सर्किटची एक साधी पट्टी छोटूच्या पोटात बसली. तिला ना पडदा, ना कॅमेरा. खाली जमिनीकडे बघणारे दोन बारके डोळे, ते फक्त पांढरं आणि काळं ओळखायचे. शेणाने सारवलेल्या अंगणात चुन्याची पांढरी रेघ. रेघ सुटली की डोळे सांगणार, चाक वळणार. प्रत्येक बाजेपाशी एक आडवी रेघ. सात नंबरचा चहा म्हणजे सात आडव्या रेघा मोजायच्या आणि थांबायचं. ताट हलकं झालं की पुढे निघायचं. ऊन लागत नाही, फोन येत नाही, कंटेनर मधे आला तरी फरक नाही. डोकं अंगावरच, पण लागतं तेवढंच.

मग तिने माझ्यावर सगळ्यात मोठा अन्याय केला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "ही वैनीची अक्कल हाय. आमी दोघं वरीसभर डोकं फोडून राहिलो, वैनीनं दूध उतू गेल्या गेल्या सांगितलं." पुसदच्या ड्रायव्हराला सांगितलं, नांदेडच्या सांगितलं. लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. कुणी चोरलं असतं तर निदान तक्रार करता आली असती. तिने तीही ठेवली नाही.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. तिची रेघ. केशरबाईला सरळ रेघ येत नव्हती. तिची चुन्याची रेघ म्हणजे गल्ल्यापासून निघाली की कडुनिंबाजवळ फुगायची, कोपऱ्यात पोट काढायची, बाजांच्या रांगेत नागमोडी जायची. मी लहानपणापासून ठिपक्यांची रांगोळी काढते. माझी रेघ दोरी लावल्यासारखी जाते. रोज सकाळी तिची ती रेघ बघितली की मला बरं वाटायचं.

पाडव्याला मी दारासमोर मोठं कमळ काढलं. नऊच्या सुमाराला छोटू तिच्या गल्ल्यावरून चहा घेऊन निघाला. तिची रेघ कोपऱ्यात पुसट झाली होती आणि माझ्या कमळाची बाहेरची पाकळी तिथून हातभरावर. छोटू सरळ माझ्याकडे आला. कमळाच्या कडेने फिरायला लागला, पाकळीमागून पाकळी, न चुकता. मागोमाग चहाचा मालक आला, त्याच्यामागे आणखी चौघं. ते माझ्याच बाजांवर बसले आणि फेऱ्या मोजत राहिले. माझा ढाबा भरला होता. मी पोहे टाकले.

केशरबाई पदराला हात पुसत आली.

"तुमच्या छोटूलाबी कळतं चांगली रेघ कोनती," मी म्हटलं. "तुमी जरा सरळ वढत जा. पोरगं वाट चुकतंय."

"वाकडी हाय म्हनून तर चालतो तो, वैनी," ती म्हणाली आणि नेहमीसारखी आधीच हसली. "आन् बगा ना, गोल कसा बिनतक्रार फिरून राहिला."

मला तो विनोद वाटला. मी पोहे ढवळत राहिले. जाताना ती म्हणाली, "एक दिवस माह्याकडची रेघ तुमी वढा. तुमचा हात लई साफ हाय." मी म्हटलं, मला माझी कामं आहेत.

मागच्या वर्षी तिचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहणं जमेना, म्हणून मुलीने सिद्धेश्वरला नेलं. टेम्पोत दोन पेट्या, लोणच्याची बरणी आणि ती. छोटू खाली उभा होता.

"त्याला घेऊन जात न्हाई का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तिथं कुनाला चहा नेऊ? मासे धरनारी लोकं ती, सोताच करून पितात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, बॅटरी उतरू दिऊ नका. पार उतरली की मरती."

टेम्पो वळला तेव्हा अंबाड्यातला टेस्टर उन्हात चमकला, बस.

मी मनात म्हटलं, आता ट्रक माझे. पहिला महिना ट्रक थांबले. खिडकीतून मान काढून विचारायचे, "भाभी, छोटू किधर है?" छोटू छपरीत ताडपत्रीखाली होता. आमचे हे दर रविवारी त्याची बॅटरी भरायचे, पण मला कधी म्हणाले नाहीत की रेघ ओढ. मीही ओढली नाही. तिचं खेळणं माझ्या अंगणात फिरवून तिच्या नावाने गिऱ्हाईक बोलवायचं, हे मला जमणार नव्हतं. डाळ खायला येतील, असं मी धरून चालले. ट्रक हळूहळू पुढे जायला लागले. या हिवाळ्यात दुपारी अर्ध्या बाजा रिकाम्या असायच्या. पुढच्या वर्षी नवार विणायची गरज पडेल का, असं मी यंदा पहिल्यांदाच मनात मोजलं.

आज दुपारी सात नंबरची बाज अर्धी विणून झाली असताना ह्यांच्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ कॉल आला. हे छपरीतून हसत हसत बाहेर आले.

"केशरबाई होडी करून राहिली," हे म्हणाले. "थर्माकोलची. धरणातलं जाळं बघून येनारी. इचारते, डोकं होडीत ठिवावं का काठाला. मी म्हनलो होडीत, वायफाय पान्यावर टिकायचं न्हाई. तर म्हनते, वैनीला इचारा."

मोबाइल माझ्यासमोर धरला. तिच्यामागे धरणाचं पाणी, वाऱ्याने सगळा आवाज फाटलेला. केस जास्त पिकले होते. टेस्टर जागेवर होता. हातात अर्धा चहा.

"काय म्हनता, वैनी? बाज विनून राहिल्या का? सात नंबर दिसते."

"काठावर ठिवा," मी म्हटलं.

"काहून?"

"होडी बुडाली तर डोकं तरी वाचंल. होडीला दोरी बांधा. जाळ्यापर्यंत जायचं आन् यायचं, त्याला वायफाय कशाला पाहिजे? वायर दोरीतूनच न्या."

तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी दूध उतू गेल्यावर बघितलं होतं तसं. मग कुणाला तरी मागे वळून ओरडून सांगितलं, "वैनी दोरी म्हनते." आणि हसायला लागली. तिथेही चार-पाच जण हसल्याचा आवाज आला. मला न दिसणारी ती माणसं, तिच्याभोवती जमलेली, पाण्याच्या काठाला. तिथेही महिनाभरात जमली असणार. मग वारा आला आणि चित्र थांबलं: उघडं तोंड, वर उचललेला चहा, अंबाड्यात तिरपा टेस्टर. थोडा वेळ तसंच राहिलं आणि गेलं.

"छोटूची बॅटरी भरलेली हाय का?" मी ह्यांना विचारलं.

"हाय," हे म्हणाले.

२९ मे. पहाटे चुना भिजवला. सात नंबरची बाज रात्रीच विणून पुरी केली होती, अंगणही सारवून ठेवलं होतं. उजाडल्यावर दोरी लावून रेघ ओढली. गल्ल्यापासून कडुनिंबापर्यंत सरळ, तिथे कोपऱ्यात काटकोन, मग बाजांच्या रांगेने सरळ, प्रत्येक बाजेपाशी एक आडवी. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने अशी रेघ ओढली नसती. छोटूवरची ताडपत्री काढली, ताट ठेवलं, चहा ठेवला आणि बटण दाबलं.

कडुनिंबापर्यंत तो छान गेला. काटकोनाशी आल्यावर रेघ एकदम त्याच्या डोळ्यांखालून निघून गेली. वळायला त्याला जागाच मिळाली नाही. सरळ पुढे जाऊन कडुनिंबाला धडकला. चहा बुंध्यावर सांडला. उचलून परत लावला. परत तिथेच धडकला.

मी कोपऱ्याकडे बघत उभी राहिले. मग पायाने काटकोन पुसला, दोरी गुंडाळून ठेवली आणि चुन्याचा डबा घेऊन बसले. कडुनिंबाजवळ रेघ फुगवली. कोपऱ्यात तिला पोट काढलं.

नाक्याकडून एक ट्रक हळू होत होता. मी दुसरा चहा ओतला आणि सात नंबरला पाठवला.